मागितलेला बफर आणि मिळालेला बफर

लिनक्समध्ये प्रत्येक सॉकेटला, म्हणजे प्रोग्रामला नेटवर्कशी जोडणाऱ्या टोकाला, कर्नल एक रिसीव्ह बफर देतो; आलेली पॅकेटे प्रोग्राम वाचेपर्यंत त्यात थांबतात, आणि तो भरला की टीसीपीमध्ये पाठवणाऱ्याला आवरते घेण्याचा निरोप जातो, तर यूडीपीमध्ये नवे पॅकेट कोणालाही न कळवता टाकून दिले जाते. म्हणूनच यूडीपीवरून मोजमापे गोळा करणाऱ्या एका सेवेत गर्दीच्या वेळी नोंदी गहाळ होऊ लागल्या, तेव्हा संशय आधी केबल आणि स्विचवर गेला. नेटवर्क कार्डाच्या मोजणीत मात्र एकही पॅकेट गळालेले नव्हते, आणि ‘नेटस्टॅट -एसयू’ने दाखवलेला ‘रिसीव्ह बफर एरर्स’चा आकडा प्रत्येक लोंढ्यासरशी चढत होता.

प्रोग्रामने एसओ_आरसीव्हीबफ हा पर्याय लावून ८ एमबी, म्हणजे ८३८८६०८ बाइट, मागितले होते आणि ‘सेटसॉकऑप्ट’ने यशाचे शून्य परत केले होते. खरी मेख येथेच आहे. मागणी नेट.कोअर.आरमेम_मॅक्स या कमाल मर्यादेपेक्षा मोठी असली तर कर्नल ती नाकारत नाही, गुपचूप छाटतो. ‘गेटसॉकऑप्ट’ने विचारल्यावर उत्तर आले ४२५९८४, आणि तेही दिसते तितके उदार नव्हे: त्या यंत्रावरची मर्यादा होती २१२९९२, जी कर्नल स्वतःच्या हिशेबखर्चासाठी दुप्पट करून ठेवतो. हा खर्च किरकोळ नसतो, कारण बफरमधून केवळ मजकुराची लांबी नव्हे, तर पॅकेट सांभाळणाऱ्या कर्नलमधील रचनेसह अडलेली सगळी मेमरी वजा होते. परिणामी शंभरएक बाइटांची पॅकेटे बफर अपेक्षेपेक्षा कितीतरी लवकर भरून टाकतात.

‘सिससीटीएल’ने मर्यादा वाढवल्यावरही गळती थांबली नाही, कारण बफरचा आकार पर्याय लावला जातो त्याच क्षणी ठरतो; सेवा रीस्टार्ट केल्यावरच ‘एसएस -एम’च्या उत्तरात ‘आरबी’पुढे १६७७७२१६ उमटले. अर्थात मोठा बफर फक्त क्षणिक लोंढा पेलतो. वाचणारा प्रोग्रामच सरासरीने मागे पडत असेल तर तोही भरणारच.

टीसीपीवर हाच उपाय डोळे झाकून करणे मात्र अंगाशी येते. तेथे कर्नल टीसीपी_आरमेममधील तिसऱ्या आकड्यापर्यंत, जो सहसा ६२९१४५६ असतो, बफर गरजेनुसार आपोआप वाढवतो, आणि एसओ_आरसीव्हीबफ लावताच ही सोय त्या सॉकेटपुरती बंद पडते. म्हणजे मर्यादा २१२९९२ वरच ठेवून ८ एमबी मागणाऱ्याच्या पदरात, काहीच न मागणाऱ्याला मिळू शकणाऱ्या ६ एमबीऐवजी, तेच ४२५९८४ बाइट पडतात.