वसईचा कोट, तटाच्या बाजूने

वसई हाती आली तर तुझं देऊळ बांधीन, असा नवस मराठा सेनापती चिमाजी आप्पांनी वज्रेश्वरीला केला, असं परंपरा सांगते. ही देवी आमच्या भिवंडी तालुक्यातली. ज्या किल्ल्यासाठी हा नवस झाला, तो पाहायला मी भिवंडी रोडहून दिवा–वसई गाडी धरली. खारबाव, कामण रोड, जुचंद्र. डोंगर मागे पडले आणि मिठागरं दिसू लागली. वसई रोडहून पुढे रिक्षा.

गुजरातच्या बहादूरशहाने 1534 मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली, आणि पुढची दोनशे वर्षं इथून उत्तर कोकणावर त्यांचा अंमल चालला. आत शिरलं की चर्चच्या पडक्या कमानी लगेच ओढून नेतात. छत नाही, भिंतींतून वड-पिंपळ फुटलेले, फोटो काढणाऱ्यांची झुंबड.

मला मात्र ओढ होती सेबास्तियन बुरुजाची. किल्ल्याला तीन बाजूंनी पाणी आणि दलदल, म्हणून वसई घ्यायला आलेल्या मराठ्यांना भिडायचं होतं ते जमिनीकडच्या तटालाच. त्या उघड्या वाळूत, वरून तोफांचा मारा होत असताना, त्यांनी मोर्चे पुढे सरकवले आणि तटाखाली सुरुंग खणले. 1739 च्या मे महिन्यात सुरुंग उडाले, बुरुजाला खिंडार पडलं. काही सुरुंग उशिरा उडून आपलीच माणसं दगडांखाली गेली, तरी मागचे पुढे चढत राहिले. त्या तटाची जाडी समोर पाहिली तेव्हा 'वसई घेतली' या दोन शब्दांत किती जीव गेले ते कळून मी बराच वेळ तिथून हललो नाही. शरण आलेल्यांना आप्पांनी बायकामुलांसह आणि चीजवस्तूंसह सुखरूप जाऊ दिलं, हेही त्या विजयाइतकंच मोठं वाटतं.

किल्ल्यातल्या बागेत आप्पांचा पुतळा आहे, तिथे गर्दी असते. खिंडाराकडे क्वचितच कोणी वळतं. तिथे त्या लढाईची हकीगत सांगणारा ठसठशीत फलक हवाच. किल्ल्यातूनच जाणारा रस्ता पुढे किल्लाबंदरच्या कोळीवाड्यात उतरतो; सुकत घातलेल्या मासळीचा वास तटापर्यंत येतो.

दिवा मार्गावर गाड्या मोजक्याच. भिवंडीकरांनी सकाळचीच धरावी, पाणी बरोबर घ्यावं, आणि चर्चकडे वळण्याआधी तट गाठावा.