ज्याचे पत्र त्याने वाचावे

मी तुमच्याएवढा होतो, तेव्हाची गोष्ट. साल होते १९७०. आमच्या लहानशा खेड्यात आठवड्यातून दोनदा टपाल येई. परंतु गावातील पुष्कळ बायकांना अक्षरओळख नव्हती. त्यामुळे पत्र हाती पडले, की त्या एखाद्या शाळकरी मुलाला हाक मारीत. माझे वाचन स्वच्छ होते आणि खरे सांगायचे तर, त्याचा मला थोडा गर्वही होता.

एके दिवशी शेजारच्या काकूंना मुंबईहून मुलाचे पत्र आले. ओट्यावर चार बायका धान्य निवडीत बसल्या होत्या. मी शाळेत धडा वाचावा तसे, खणखणीत आवाजात ते पत्र वाचू लागलो. क्षेमकुशल झाले आणि पुढे मजकूर आला, "माझी नोकरी सुटली आहे. दोन महिने पैसे पाठवता येणार नाहीत. हे शेजारीपाजारी कोणाला कळू देऊ नकोस." हे शेवटचे वाक्यही मी तितक्याच मोठ्याने वाचले!

ओट्यावर एकदम शांतता पसरली. काकूंनी माझ्या हातातून पत्र घेतले, त्याची बारीक घडी घातली आणि त्या मुकाट्याने घरात गेल्या. सायंकाळी वडिलांनी मला जवळ बसवून सांगितले, "बाळ, पत्र वाचून देणे हे चांगले काम आहे. पण ज्याला स्वतःचे पत्र स्वतः वाचता येत नाही, त्याला आपले दुःखसुद्धा दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागते. हे ध्यानात ठेव."

मी ते ध्यानात ठेवले. पुढे मराठी विषय घेऊन एम. ए. झालो, शिक्षक झालो, मुख्याध्यापक झालो. पण त्या वाक्याचा खरा अर्थ मला निवृत्तीनंतर कळला.

छत्रपती संभाजीनगरातील पुंडलिकनगर या वसाहतीत माझे घर आहे. निवृत्त झालो, तेव्हा रोज पहाटे गारखेड्याच्या गजानन महाराज मंदिरापर्यंत फिरून यावे आणि उरलेला दिवस पुस्तकांत घालवावा, असा बेत मी केला होता. परंतु काही दिवसांतच पायऱ्या चुकू लागल्या. बाजूने येणारी सायकल दिसेना. नेत्रवैद्यांनी तपासून सांगितले, की हा काचबिंदू आहे. या विकारात बहुधा डोळ्यातील दाब वाढतो आणि डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेची हळूहळू हानी होते. दृष्टी प्रथम कडेने जाते, म्हणून पुष्कळदा रोग्याला ते लवकर उमगत नाही. गेलेली दृष्टी परत येत नाही. उरलेली मात्र औषधाने वा शस्त्रक्रियेने राखता येते. मी वैद्यांकडे उशिरा गेलो. आज मला उजेड आणि अंधार कळतो. अक्षर दिसत नाही.

माझे जुने विद्यार्थी मला ई-मेलने पत्रे पाठवीत. ती पत्रे आता माझा नातू वाचून दाखवू लागला. तो तुमच्याच वयाचा; वाचन स्वच्छ आणि आवाज खणखणीत! एका रविवारी ओसरीवर पाहुणे बसले होते. नातू म्हणाला, "आजोबा, तुमचे पत्र आले आहे. वाचू का?" मी "वाच" म्हणालो. पत्र माझ्या एका विद्यार्थिनीचे होते. ती एका परीक्षेत तिसऱ्यांदा अनुत्तीर्ण झाली होती. घरी तिने हे सांगितले नव्हते. "सर, हे फक्त तुम्हालाच लिहीत आहे," हे वाक्य नातवाने वाचले, तेव्हा मी त्याला थांबवले. परंतु व्हायचे ते होऊन गेले होते. पाहुण्यांत तिच्या माहेरच्या ओळखीचे एक गृहस्थ होते.

मुलांनो, त्या क्षणी मला काकूंच्या हातातील ती बारीक घडी आठवली. नातवाचा काहीच दोष नव्हता. पन्नासाहून अधिक वर्षांपूर्वी मी जे केले, तेच त्याने केले होते. फरक इतकाच, की आता काकूंच्या जागी मी होतो.

त्या रात्री मी त्या मुलीला दूरध्वनी करून घडलेले सारे सांगितले आणि तिची क्षमा मागितली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "असू द्या, सर. तुम्ही तरी काय करणार?" तिने हे माझे मन राखण्यासाठीच म्हटले असेल, पण ते शब्द मला लागले. 'तुम्ही तरी काय करणार' याचे काही उत्तर शोधलेच पाहिजे, असा मी निश्चय केला.

उत्तर मिळाले ते दुसऱ्या एका विद्यार्थ्याकडून. तो जन्मापासून अंध आहे आणि एका बँकेत नोकरी करतो. मी त्याला घरी बोलावले. तो म्हणाला, "सर, तुम्ही आम्हाला शिकवलेत. आता आठ दिवस मी शिकवतो. पण गृहपाठ करावा लागेल हं!"

त्याने माझ्या संगणकावर 'एनव्हीडीए' नावाचा स्क्रीन रीडर बसवला. स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरील मजकूर बोलून दाखवणारा कार्यक्रम. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील तरुणाने २००६ साली तो तयार करण्यास आरंभ केला. करन स्वतः अंध आहेत आणि त्यांचे सहकारी जेम्स टेह हेही अंध आहेत. असे कार्यक्रम तेव्हा फार महाग असत. म्हणून जगातील कोणाही अंध माणसाला तो विनामूल्य मिळावा, असे त्यांनी ठरवले. त्याला मराठीही वाचता येते. त्याचा आवाज यंत्राचा, उच्चार थोडे तुटक. पहिल्या दिवशी तो ऐकून नातू पोट धरधरून हसला. मला मात्र तो आवाज गोड वाटला. कारण तो माझ्या एकट्याच्या कानात बोलत होता.

आपल्या महाराष्ट्रातही असा एक पुरुष वाढला, हे त्या विद्यार्थ्यानेच मला सांगितले. त्यांचे नाव टी. व्ही. रामन. पुण्यात वाढलेल्या रामन यांची दृष्टी वयाच्या चौदाव्या वर्षी काचबिंदूनेच गेली. तरीही ते पुण्यात गणित शिकले, मुंबईच्या आयआयटीत गेले आणि १९९४ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे पीएच. डी. झाले. पुढे त्यांनी 'ईमॅकस्पीक' हा बोलणारा कार्यक्रम स्वतःच रचला. त्यात लेखन, वाचन आणि ई-मेल ही सारी कामे ऐकून करता येतात.

आता पत्रे वाचण्यासाठी ई-मेलचा योग्य कार्यक्रम निवडायचा होता. मला वाटे, त्यात निवडायचे ते काय? परंतु विद्यार्थी म्हणाला, "सर, स्क्रीन रीडरला डोळे नसतात. तो पडद्याकडे पाहत नाही. तो कार्यक्रमाला विचारतो, 'हे काय आहे?' कार्यक्रमाने उत्तर दिले, तर तो ते बोलतो. उत्तरच दिले नाही, तर तो बिचारा काय बोलणार?"

हे मला पुंडलिकनगरातील गल्लीच्या उदाहरणाने नीट समजले. नव्या पोस्टमनला पत्ता शोधायचा असतो. घरावर नावाची पाटी असेल, तर तो सरळ दारात येतो. पाटीऐवजी नुसते सुंदर चित्र लावले असेल, तर तो गल्लीत फेऱ्या घालीत राहतो. संगणकाच्या पडद्यावरील बटणांचेही तसेच आहे. डोळस माणूस पाकिटाचे चित्र पाहून 'पत्र' असे समजतो. पण कार्यक्रम रचणाऱ्याने त्या चित्रामागे नाव लिहिले नसेल, तर आम्हाला काहीच कळत नाही.

आम्ही प्रथम जो कार्यक्रम उघडला, तो दिसायला फार देखणा होता, असे नातू म्हणाला. मी टॅबची कळ दाबू लागलो. कानात आवाज आला, "बटण." पुन्हा दाबली, "बटण." सात वेळा दाबली; सातही वेळा "बटण!" त्यातले पत्र पाठवण्याचे कोणते आणि पुसून टाकण्याचे कोणते, हे मला कसे कळावे?

दुसऱ्या कार्यक्रमात बटणांना नावे होती. पण एखादे पत्र वाचून मिटले, की तो मला पुन्हा यादीच्या अगदी आरंभी नेऊन सोडी. तिसावे पत्र वाचून एकतिसाव्याकडे जायचे, तर पुन्हा पहिल्यापासून मोजीत यावे लागे. शिवाय काही कामे माउसवाचून होतच नसत. माउसचा बाण दिसतच नाही, त्याला तो काय कामाचा?

तेव्हा मी वही मागवली आणि नातवाला चार प्रश्न लिहून घ्यायला सांगितले. पहिला, प्रत्येक बटणाला नाव आहे का? दुसरा, सारी कामे केवळ कळफलकावरून होतात का? तिसरा, मी आता कोठे आहे, हे मला सदैव कळते का? चौथा, माझ्या हातून चूक झाली, तर मला सावरायला संधी मिळते का?

या चारही प्रश्नांना मला समाधानकारक उत्तर दिले ते 'थंडरबर्ड' नावाच्या कार्यक्रमाने. तोही विनामूल्य मिळतो. त्यात खालच्या बाणाची कळ दाबली, की पुढच्या पत्राचा विषय, पाठवणाऱ्याचे नाव आणि दिनांक ऐकू येतो. एंटर दाबली, की पत्र उघडते. कंट्रोल आणि आर या कळा एकत्र दाबल्या, की उत्तर लिहिण्याची जागा तयार होते. पत्रातील चित्रविचित्र सजावट वगळून नुसता साधा मजकूर दाखव, असेही त्याला सांगता येते. सर्वांत आवडली ती एक गोष्ट. कंट्रोल आणि एंटर दाबून पत्र पाठवू लागलो, की तो थांबून विचारतो, "पाठवू ना?" घाईने लिहिलेले पत्र पेटीत टाकण्यापूर्वी घरातील वडीलधारे असेच विचारीत असत.

माझा विद्यार्थी मात्र हा कार्यक्रम वापरीत नाही. त्याचे काम बहुतेक मोबाइलवर चालते आणि त्याला तेथील दुसरा कार्यक्रम सोयीचा पडतो. चष्मा जसा ज्याच्या त्याच्या डोळ्यांप्रमाणे, तसेच हे आहे. दुसऱ्याने स्तुती केली म्हणून नव्हे, तर स्वतः वापरून पाहून निवड करावी.

वाचनाची सोय झाली, लेखन उरले. मराठीच्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला असतात. इंग्रजी 'एफ' आणि 'जे' या दोन कळांवर लहानसा उंचवटा असतो. तो बोटांना लागला, की हात जागेवर आले असे समजावे. मग उजव्या तर्जनीखाली 'र' येतो, मधल्या बोटाखाली 'क' आणि अनामिकेखाली 'त'. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी मी पुन्हा बाराखडी गिरवू लागलो. आरंभी 'कमल'चे 'कनल' होई, 'विद्यार्थी' तर धडपणे उमटतच नसे. नातू तपासनीस झाला. त्याने मला दहापैकी तीन गुण दिले, तेव्हा मी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना दिलेले सारे तीन गुण आठवले!

आणखी एक अडचण मी तुम्हाला मुद्दाम सांगतो, कारण ती तुम्ही दूर करू शकता. एका मित्राने जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये लिहिलेले निवेदन पाठवले. स्क्रीन रीडर त्यातून इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन पाऊस पाडू लागला. त्या फॉन्टमध्ये अक्षराचे रूप मराठी असते, पण संगणकाच्या लेखी ते इंग्रजी अक्षरच असते. युनिकोड या पद्धतीत तसे नाही. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. तीत प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. आपल्या 'क'चा क्रमांक २३२५. म्हणून युनिकोडमध्ये लिहिलेला 'क' जगातील कोणत्याही संगणकावर 'क'च राहतो आणि आम्हाला 'क' असाच ऐकू येतो. तेव्हा तुम्ही मराठी लिहाल, ते युनिकोडमध्ये लिहा. पत्राला विषय द्या. चित्र पाठवाल, तर त्यात काय आहे, ते एका ओळीत लिहा. तुमची ती एक ओळ हीच कोणाची तरी दृष्टी असते.

सव्वा महिन्याच्या सरावानंतर मी त्या विद्यार्थिनीला स्वतः पत्र लिहिले. पत्र नऊ ओळींचे. लागला दीड तास. अखेरीस लिहिले, "यापुढे तुझे पत्र माझ्यावाचून कोणीही वाचणार नाही. मोकळेपणाने लिही." थंडरबर्डने विचारले, "पाठवू ना?" मी पुन्हा एकदा सारे पत्र ऐकले आणि 'होय' म्हणालो.

चार दिवसांनी, दुपारच्या वेळी, तिचे उत्तर आले. ओसरीवर पाहुणे बसलेले होते. नातवाने विचारले, "आजोबा, वाचून दाखवू का?"

"नको, बाळ," मी म्हणालो, "माझे मी वाचतो."

मी आतल्या खोलीत गेलो, कानांना हेडफोन लावला आणि पत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत दोनदा वाचले. त्यात काय होते, असे तुम्ही विचाराल. मुलांनो, ते मी तुम्हाला सांगणार नाही. ते पत्र माझे आहे.