नाव काय तुझं?

मुलांनो, माझ्या वर्गात एक मुलगा आहे. तीसपर्यंत पाढे तोंडपाठ; पण "जेवलास का?" विचारलं, की तोही "जेवलास का?" असंच म्हणतो. चेष्टा नाही हं करत! तो स्वमग्न आहे. इंग्रजीत याला ऑटिझम म्हणतात. हा काही ताप-खोकल्यासारखा आजार नव्हे. मेंदूची घडणच जन्मापासून थोडी वेगळी.

गेल्या वर्षी आठवडी बाजारात आईचा हात सुटला आणि तो हरवला. कुणाच्या तरी स्टँडला लावलेल्या सायकलीचं चाक गरागरा फिरवत बसला होता. लोकांना वाटलं, चोरतोय. नेलं चौकीवर.

आई आणि मी धापा टाकत पोचलो, तर हवालदार दरडावत होते, "नाव काय तुझं?"

हाही म्हणाला, "नाव काय तुझं?"

त्यांचा पारा चढला. दंडाला धरून हलवलं, तसा तो किंचाळला आणि कान दाबून टेबलाखाली शिरला. अशा कितीतरी मुलांना अचानक झालेला स्पर्श, मोठा आवाज सोसत नाही. नजरेला नजर देणंही जमत नाही. आणि चोराची म्हणून आपण जी लक्षणं धरून बसतो, ती नेमकी हीच!

मला राग आला. पण खरं सांगू? 'उलट बोलतो' म्हणून पहिल्या आठवड्यात मीच त्याला बाकावर उभं केलं होतं. डी.एड. झालेली असून!

अमेरिकेत नॉर्थ मायामीला २०१६ साली एक स्वमग्न तरुण खेळण्यातला ट्रक घेऊन रस्त्यात बसला होता. ती बंदूक वाटून पोलिसाने गोळी झाडली. लागली ती त्याला सांभाळणाऱ्या माणसाच्या पायाला. तो बिचारा हात वर करून "ट्रक आहे, ट्रक" असं सांगत होता. आपल्याकडे त्याच वर्षीच्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख आला. पण कायदा गावच्या चौकीपर्यंत पोचायला वेळ लागतो.

आई रडली नाही. टेबलापाशी जमिनीवर बसली नि हळूच म्हणाली, "सतरा एके सतरा."

आतून आवाज आला, "सतरा दुणे चौतीस."

हवालदारांनी न सांगता वायरलेसचा आवाज कमी केला. एकशे सत्तरला स्वारी बाहेर!

"बाई, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं हो," ते म्हणाले.

आता त्याच्या खिशात एक कार्ड असतं. नाव, फोन नंबर आणि 'मी स्वमग्न आहे. हळू बोला. ओढू नका.' एक कार्ड चौकीच्या भिंतीवरही चिकटवलंय. बाजारात हवालदार दिसले, की हा लांबूनच ओरडतो, "नाव काय तुझं?" आणि ते थांबून वडिलांच्या नावासकट आपलं पूर्ण नाव सांगतात.