सहा सेंटिमीटर

इंग्लंड आणि आयर्लंड यांच्या किनाऱ्यांलगतच्या थंड समुद्रात बास नावाचा एक देखणा मासा राहतो. पाठ करड्या-निळसर रंगाची, कुशी रुपेरी, पोट पांढरेशुभ्र आणि पाठीवरच्या पहिल्या परात टोकदार काट्यांची रांग. हा पर त्याने उभारला म्हणजे बेसावध हाताची धडगत नसते. आपल्या कोकणातील जिताड्यालाही इंग्रजीत 'सी बास' असेच म्हणतात. परंतु दोघांची कुळे निराळी आहेत. जिताडा उष्ण पाण्यात झपाट्याने वाढतो, बास मात्र अतिशय संथपणे वाढतो. त्याच्या बहुतेक संकटांचे मूळ या संथपणात आहे.

स्वभावाने मात्र हा मासा मुळीच संथ नव्हे. भरतीचे पाणी चढू लागले की तो खोल समुद्र सोडून थेट खडपांपाशी येतो. लाटा फुटून जेथे फेस उसळतो, खडकांना चिकटलेली लांब समुद्रशेवाळे जेथे पाण्याबरोबर मागेपुढे झुलत असतात, तेथे खेकडे, कोळंब्या आणि बारीक मासे त्या खळबळीत गोंधळून जातात आणि बासचे फावते. कित्येकदा तो गुडघाभर पाण्यातही शिकार करताना दिसतो. म्हणूनच त्याला धरण्यासाठी होडी लागत नाही, जाळे लागत नाही. आयर्लंडच्या नैर्ऋत्येला केरी परगण्यात इंच नावाचा वाळूचा लांबच लांब किनारा आहे. तेथे माणसे लाटांत उभी राहून गळ टाकतात. इंग्लंडच्या दक्षिणेकडील खडकाळ किनाऱ्यांवरही हा छंद फार जुना आहे.

या छंदाला वेळेचे बंधन कडक असते. सूर्योदयापूर्वीचा आणि सूर्यास्तानंतरचा मंद उजेड बासला मानवतो. त्यातच भरतीचा ओघ जुळून आला तर फारच उत्तम. उन्हाळ्यात त्या देशांत पहाट फार लवकर होते. गावे गाढ झोपेत असताना ही छंदिष्ट माणसे ओल्या खडकांवरून सांभाळून पावले टाकीत पाण्याच्या कडेला येऊन पोहोचतात. त्यांच्या पेटीत गांडूळ नसते की कोळंबी नसते. असतात ती केवळ खोटी आमिषे.

या आमिषांचे कौतुक करावे तेवढे थोडेच! लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा बोटभर लांबीचा मासा. त्याला रंगवलेले डोळे, चमकणाऱ्या कुशी आणि पोटाखाली गळ. काहींच्या हनुवटीला एक लहानशी पातळ पट्टी बसवलेली असते. दोरा ओढला म्हणजे पाणी त्या पट्टीवर आदळते, आमिष थोडे खाली बुडते आणि अंग हलवीत पोहू लागते. काही पोकळ आमिषे पृष्ठभागावरच नागमोडी सरकतात. जखमी मासा जसा धडपडेल, हुबेहूब तशी. काही मऊ रबरासारख्या पदार्थाची असतात. परंतु निर्जीव वस्तूत जीव ओतण्याचे काम शेवटी माणसाच्या मनगटालाच करावे लागते. दोरा किती वेगाने गुंडाळावा, कोठे क्षणभर थांबावे, कोठे हिसका द्यावा, हे ज्याला साधत नाही त्याचे आमिष कितीही महाग असले तरी बास त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

आणि मग एकाएकी पाणी उसळते, काठी वाकते, दोरा सरसर सुटू लागतो. काही मिनिटे झुंज चालते. अखेर मासा काठाशी येतो आणि खऱ्या परीक्षेची वेळ तेथून सुरू होते. पुष्कळ जणांनी आपल्या काठीवरच मापाची खूण करून ठेवलेली असते. माशाच्या तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंतची लांबी ४२ सेंटिमीटरांहून कमी भरली, तर त्याला परत पाण्यात सोडले पाहिजे, असा तेथील कायदा आहे.

हे माप कोणी लहर म्हणून ठरवलेले नाही. बासची मादी साधारणपणे ४२ सेंटिमीटरांच्या आसपास लांबीची झाली म्हणजे प्रथमच अंडी घालण्याजोगी होते. एवढी वाढ होण्यास तिला सुमारे सहा वर्षे लागतात! बासच्या खवल्यावर, झाडाच्या खोडावर असतात तशी, वर्षागणिक वळी उमटतात. ती मोजून शास्त्रज्ञ त्याचे वय सांगतात. हा मासा वीस वर्षांहूनही अधिक जगू शकतो. हिवाळा सरताना माद्या दूरच्या खोल पाण्यात अंडी घालतात. एकेका मादीची अंडी लाखांच्या संख्येने असतात. परंतु त्यांतून वाचतात ती फारच थोडी. इवलीशी पिले वाहत, पोहत खाड्यांत शिरतात आणि तेथील उथळ पाण्यात त्यांचे बालपण जाते. हिवाळा कडक पडला तर ती थंडीनेच मरतात.

१९९० मध्ये बासचे किमान माप ३६ सेंटिमीटर ठरवण्यात आले होते. त्या काळी हेही पाऊल मोठेच वाटले असेल. परंतु हिशेब सरळ आहे. ३६ सेंटिमीटरांच्या बहुतेक माद्या एकदाही अंडी घातल्यावाचून ताटात जात होत्या. आपल्याकडे गाभोळीचा मासा मिळाला म्हणजे खाणाऱ्याला आनंद होतो. येथे तर गाभोळी पोटात धरण्याचे वयही येण्यापूर्वी मासा संपत होता. पुढे २००८ नंतरची काही वर्षे पिलांच्या दृष्टीने वाईट गेली. त्यातच दोन-दोन जहाजे मिळून एक प्रचंड जाळे ओढीत आणि अंडी घालण्यासाठी एकत्र जमलेल्या बासचे थवेच्या थवे उचलून नेत. समुद्रातील बासचा साठा झपाट्याने घटला.

तेव्हा कोठे राज्यकर्ते जागे झाले. २०१५ च्या जानेवारीत अशा जाळ्यांवर अंडी घालण्याच्या हंगामापुरती बंदी आली आणि त्याच वर्षी किमान माप ३६ वरून ४२ सेंटिमीटर झाले. गळ टाकणाऱ्या माणसाने दिवसाला तीनच मासे घ्यावेत असे प्रथम ठरले. पुढे ती संख्या एकावर आली आणि २०१८ मध्ये तर पहिले नऊ महिने एकही मासा घरी नेण्यास मनाई होती. २०२० मध्ये साठा किंचित सावरल्यावर दोन माशांची मुभा मिळाली. आयर्लंडने मात्र याबाबतीत फार पूर्वीच शहाणपण दाखवले. १९९० मध्येच त्या देशाने आपल्या मच्छीमार नौकांना बास धरण्यास बंदी केली. आज केवळ हा मासा धरून पुन्हा सोडून देण्यासाठी परदेशांतून माणसे तेथे येतात.

सहा सेंटिमीटर म्हणजे बोटाची लांबी. पण बासच्या आयुष्यात ती साधारण दोन वर्षे होतात आणि त्या दोन वर्षांतच एक पिढी जन्मास येते किंवा येत नाही.

कायद्याचा हात सगळीकडे पोहोचतोच असे नाही. इंग्लंड व वेल्समधील ज्या खाड्यांत बासची पिले वाढतात, तेथे ठरावीक महिने नौकांतून बास धरण्यास मनाई आहे; परंतु काठावर उभ्या असलेल्या माणसाला तो नियम लागू होत नाही. तेथे आलेला बास परत सोडावा, एवढी अपेक्षा त्याच्याकडून केली जाते. पहाटेच्या त्या काळोखात त्याला पाहणारे कोणीही नसते. तरीही अनेक जण लहान बास सोडतातच, शिवाय कायद्याने घेता येईल असा मोठा मासाही सोडून देतात. मोठी मादी म्हणजे लक्षावधी अंड्यांचे भांडार, हे त्यांना ठाऊक असते.

सोडणे हेही एक कसब आहे. खऱ्या आमिषासोबत मासा गळ पोटात गिळतो. खोट्या आमिषाचा गळ बहुधा ओठातच रुततो. म्हणून या रीतीने धरलेला मासा वाचण्याची शक्यता अधिक. पुष्कळ जण तीन टोकांचे गळ काढून एकाच टोकाचे बसवतात आणि त्यावरील उलटा काटा पकडीने दाबून सपाट करतात. माशाला कोरड्या वाळूवर ओढीत नाहीत. हात ओले करूनच त्याला धरतात, कारण अंगावरील बुळबुळीत थर निघून गेला तर त्याला रोग जडतो. मग दोन्ही हातांनी त्याला पाण्यात अलगद आधार देतात. कल्ले उघडझाप करू लागतात, शेपटीत बळ येते आणि क्षणार्धात तो हातांतून निसटतो.

तो जातो कोठे? शास्त्रज्ञांनी अनेक बास माशांना खुणेच्या चकत्या लावून सोडले, तेव्हा एक नवलाची गोष्ट आढळून आली. हिवाळ्यात अंडी घालण्यासाठी दूर समुद्रात गेलेले कित्येक मासे पुढच्या उन्हाळ्यात ज्या किनाऱ्यावर खुणेची चकती लावली होती त्याच किनाऱ्यावर परतले. म्हणजे एका पहाटे सोडून दिलेला बास पुढील वर्षी, दोन-तीन सेंटिमीटरांनी वाढून, त्याच खडपापाशी, भरतीच्या त्याच फेसात पुन्हा येऊन थांबलेला असू शकतो.