जवळ जा, पण मागेही या

संगणकावर फोटो दुरुस्त करणं हे काम आता फोटो स्टुडिओपुरतं राहिलेलं नाही. कुणाला आजोबांच्या वर्षश्राद्धासाठी जुना फोटो मोठा करून हवा असतो, कुणाला मुलीच्या बारशाच्या फोटोतला प्लास्टिकचा डबा पुसून टाकायचा असतो. अशी कामं घरोघरी, जेवणाच्या टेबलावर संगणक ठेवून होतात. पण ती करणाऱ्याच्या शेजारी तुम्ही थोडा वेळ बसून पाहा. त्याचा निम्मा वेळ फोटो सुधारण्यात जातच नाही. तो जातो फोटोत फिरण्यात. भिंगाच्या चित्रावर क्लिक करायचं, फोटो मोठा करायचा, मग कडेची पट्टी ओढत डोळा कुठे गेला ते शोधायचं, पुन्हा भिंग, पुन्हा पट्टी. तासाभराने मान आखडते आणि चेहऱ्यावरचा एक ओरखडाही धड गेलेला नसतो.

पत्रकारितेची पदविका घेताना आम्हाला मजकूर कापायला शिकवलं होतं, फोटो नव्हे. त्यामुळे या विद्येसाठी मला आमच्याच कार्यालयातल्या कला विभागाचे उंबरठे झिजवावे लागले. तिथल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचं काम पाहताना मला नेहमी पेटीवादक आठवतो. पेटीवादकाचा एक हात भात्यावर असतो, दुसरा सुरांवर. यांचाही उजवा हात माउसवर आणि डावा कायम कळफलकावर. फोटो झरझर जवळ येतो, सरकतो, दूर जातो, पण नजर पडद्यावरून हलत नाही. ‘‘भिंगाला हात लावायचाच नाही,’’ ते म्हणाले, ‘‘चार-पाच कळा बोटांना सांगून ठेवायच्या, बस.’’

त्या कळा अशा. फोटोशॉपमध्ये कंट्रोल दाबून अधिकचं चिन्ह दाबलं की फोटो जवळ येतो, वजाचं दाबलं की दूर जातो. मॅकिन्टॉश संगणक असेल तर कंट्रोलऐवजी कमांड. स्पेसबार दाबून धरला की माउसच्या बाणाचा हात होतो आणि टेबलावरचा कागद सरकवावा तसा फोटो हवा तिकडे सरकवता येतो. (फक्त त्या वेळी फोटोवर अक्षरं लिहिण्याचं काम चालू नको, नाहीतर अक्षरांमध्ये मोकळी जागा पडत जाते.) कंट्रोल आणि शून्य दाबलं की अख्खा फोटो पडद्यावर मावतो. कंट्रोल आणि एक दाबलं की फोटो शंभर टक्के दिसतो.

हे ‘शंभर टक्के’ म्हणजे काय, हे समजून घेण्यासारखं आहे. समजा, तीन इंच रुंद आणि चार इंच उंच असा जुना फोटो तुम्ही इंचाला ६०० ठिपके या हिशेबाने स्कॅन केला. म्हणजे त्यात १८०० गुणिले २४००, अर्थात त्रेचाळीस लाखांहून अधिक ठिपके झाले. घरच्या नेहमीच्या पडद्यावर मात्र १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस-एकवीस लाखच ठिपके मावतात. मग अख्खा फोटो दाखवायचा तर संगणकाला तो आक्रसूनच दाखवावा लागतो, त्यात बारीक ओरखडे लपून जातात. शंभर टक्क्यांवर फोटोचा एक ठिपका पडद्याच्या एका ठिपक्यावर येतो. तिथे काही लपत नाही. आणि त्याहून जवळ, चारशे टक्क्यांवर गेलात, तर दिसतात ते नुसते चौकोन. गाल की भिंत, हेही कळत नाही.

मला या कळांची खरी किंमत कळली ती सासूबाईंच्या फोटोमुळे. त्यांचा स्वतःचा नव्हे, त्यांच्या आईचा. पंढरपूरजवळच्या गावी एका फिरत्या छायाचित्रकाराने काढलेला हा एकुलता एक फोटो. नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके आणि नाकात नथ. वर्षानुवर्षं पत्र्याच्या पेटीत राहून त्याला बुरशीचे डाग पडले होते, मधोमध घडीची रेघ उमटली होती. सासूबाई आमच्याकडे नोएडाला राहायला आल्या, तेव्हा साड्यांच्या घडीत घालून त्यांनी तो आणला होता.

जवळच्या एका दुकानात आम्ही तो दुरुस्तीला दिला. दोन दिवसांनी फोटो मिळाला तो लखलखीत. एक डाग नाही, एक रेघ नाही. सासूबाईंनी चष्मा पुसून तो पाहिला, आणखी एकदा पाहिला आणि टेबलावर उलटा ठेवला. ‘‘बाई देखणी आहे,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण ही माझी आई नव्हे.’’

त्या मुलाने बुरशीच्या डागांबरोबर हनुवटीवरचं गोंदणही पुसलं होतं. त्याला दोष देऊन उपयोग नाही. पाचशे टक्क्यांवर गोंदण आणि बुरशी यांत फरक तो काय? दोन्ही काळे ठिपके. त्याने भिंग लावलं, ठिपका दिसला, पुसला, पुढचा ठिपका. मागे येऊन चेहरा पाहिला असता, तर तीन ठिपके एका ओळीत आहेत हे लक्षात आलं असतं. डाग काही रांगेत उभे राहत नाहीत.

मूळ फोटो सुखरूप होता. तो स्कॅन करून मी घरीच कामाला बसले, सासूबाई शेजारी खुर्ची घेऊन. फोटोची एक प्रत वेगळी जपून ठेवली आणि दुरुस्ती वेगळ्या लेअरवर केली, म्हणजे मूळ फोटोला धक्का नको. मी जवळ गेले की त्या कंटाळून म्हणत, ‘‘अगं, मला काही दिसत नाही, मागे घे.’’ मी कंट्रोल-शून्य दाबलं की त्यांची आई पुन्हा समोर यायची. नाकाखाली एक पांढरा कण होता. जवळून तो धुळीसारखाच दिसत होता. ब्रश नेणार तेवढ्यात त्यांनी ‘‘मागे घे’’ म्हटलं, आणि मागे आल्यावर तो नथीचा मोती निघाला. मग मी फोटोशॉपची आणखी एक कळ वापरू लागले. जवळ गेलेलं असताना एच हे अक्षर दाबून धरायचं आणि फोटोवर माउस दाबून ठेवायचा. क्षणभर अख्खा फोटो दिसतो, त्यावर एक चौकट असते. चौकट हवी तिथे नेऊन सोडली की आपण पुन्हा तेवढ्याच जवळ पोहोचतो. एका ठिपक्यामागे एकदा मागे, असा आमचा नेम ठरला. संध्याकाळ झाली तेव्हा बुरशी गेली होती, गोंदण होतं, नथ होती. घडीची रेघ चेहऱ्यावरून काढली, पदरावर मात्र सासूबाईंनी राहू दिली. ‘‘पेटीत मीच ठेवला होता तो घडी घालून,’’ एवढंच त्या म्हणाल्या.

गंमत म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर हे केलं, त्याची मुळंही एका घरगुती फोटोशी जोडलेली आहेत. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या थॉमस नोल याने १९८७ साली संगणकावर चित्रं दाखवणारा एक प्रोग्राम लिहायला घेतला. त्याचा भाऊ जॉन चित्रपटांच्या करामती दृश्यांचं काम करत असे. नव्या प्रोग्रामची करामत लोकांना दाखवायला जॉनने जो फोटो वापरला, तो होता बोराबोरा बेटावरच्या समुद्रकिनाऱ्यावर बसलेल्या त्याच्या भावी पत्नीचा, त्यानेच काढलेला. फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० साली बाजारात आली. आणि ते बाजारात आणणाऱ्या अ‍ॅडोबी कंपनीची मोठी कार्यालयं आज आमच्या नोएडातच आहेत. म्हणजे ज्या शहरात या कंपनीचे इंजिनिअर कामाला जातात, त्याच शहरात एका दुकानात भिंगापायी गोंदण पुसलं गेलं. यंत्र कितीही हुशार असो, मागे कधी यायचं हे माणसालाच ठरवावं लागतं.

धुळीच्या कणांसाठी मात्र उलटा नियम. तिथे तांदूळ निवडायची रीत कामी येते. ताटात तांदूळ पसरून आपण एका कडेपासून सुरुवात करतो, जमेल तिथे बोट घालत नाही. तसंच फोटो शंभर टक्क्यांवर आणावा आणि होम ही कळ दाबावी, म्हणजे आपण डाव्या वरच्या कोपऱ्यात पोहोचतो. पेज डाउन दाबलं की एक पडदाभर खाली, कंट्रोलसह पेज डाउन दाबलं की एक पडदाभर उजवीकडे. असं ओळीने गेलं की एकही कोपरा सुटत नाही, आणि निवडून झालेलं पुन्हा निवडावं लागत नाही.

फोटोशॉपसाठी वर्गणी भरावी लागते. सगळ्यांना ती परवडेलच असं नाही. गिंप नावाचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. त्यात नुसती अधिक-वजाची चिन्हं जवळ-दूर नेतात, एक हा आकडा शंभर टक्के दाखवतो आणि कंट्रोल, शिफ्ट व जे मिळून अख्खा फोटो पडद्यावर आणतात. आणि ज्यांना फोटोशी काही देणंघेणं नाही, त्यांच्याही उपयोगाची एक गोष्ट. विंडोजच्या संगणकावर विंडोजची कळ आणि अधिकचं चिन्ह दाबलं, तर सबंध पडदाच मोठा होतो. विंडोज आणि एस्केप दाबलं की पूर्ववत. बारीक अक्षरातली विजेची बिलं आणि बँकेची पत्रं वाचताना घरातल्या ज्येष्ठांचा किती त्रास वाचतो, ते करून पाहा.

या सुटीत जुने फोटो काढायचा बेत असेल, तर एका कागदावर या कळा लिहून पडद्याशेजारी चिकटवा. आठवडाभरात कागदाची गरज उरणार नाही, बोटं आपोआप शिकतात. पण एक खुर्ची शेजारी जरूर मांडा आणि फोटोतल्या माणसाला ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना तिथे बसवा. कुठला ठिपका डाग आणि कुठला दागिना, हे सांगणारं माणूस घरात आहे तोवरच हे काम उरकलेलं बरं. फोटो पूर्ण झाला की त्या माणसाचं नाव, गाव आणि साल त्यांनाच विचारून फाइलच्या नावात लिहून ठेवा. पुढच्या पिढीला चेहरा स्वच्छ दिसेल, पण तो कुणाचा, हे कुठलीच कळ दाबून कळायचं नाही.