फुंकर

वस्तूचा नाश हेळसांडीने होतो, असे सारे सांगतात. परंतु पुष्कळदा तो मायेनेही होतो. दूरचित्रवाणी संचाला जोडून घरी खेळण्याचे जे यंत्र असते, त्याची हकीकत ऐकली म्हणजे ही गोष्ट चांगली ध्यानात येते.

जपानातील क्योटो शहरी निन्टेन्डो नावाची एक कंपनी आहे. १८८९ मध्ये ती निघाली, तेव्हा फुलांची चित्रे असलेले खेळावयाचे पत्ते तयार करीत असे. ह्याच कंपनीने १९८३ च्या जुलै महिन्यात ‘फॅमिली कॉम्प्युटर’ हे यंत्र बाजारात आणले. ते घडविणाऱ्या अभियंत्यांचे प्रमुख होते मासायुकी उएमुरा. दोन वर्षांनी, १९८५ मध्ये, तेच यंत्र नवे रूप घेऊन अमेरिकेत गेले. जपानी यंत्रात खेळाची डबी, म्हणजे कार्ट्रिज, वरून खोचावी लागे. अमेरिकेतल्या यंत्रात ती समोरून आत सरकवून खाली दाबावयाची. दिसावयास मोठी ऐटदार रचना! पण आत ७२ बारीक पिना होत्या. डबी वारंवार दाबली जाई, तसतशा त्या वाकत आणि सैल पडत. डबीशी सांधा नीट जुळला नाही, की यंत्र क्षणाक्षणाला बंद होऊन पुन्हा सुरू होई आणि पुढचा तांबडा दिवा लुकलुकत राही.

मुलांनी ह्यावर एक उपाय शोधला. डबी बाहेर काढावी, बासरीसारखी ओठांशी धरावी, जोराने फुंकर मारावी आणि परत बसवावी. काय आश्चर्य! खेळ सुरू होई. पुढे अशा यंत्रांच्या नकला भारतात घरोघर आल्या, तेव्हा पुण्यामुंबईच्या मुलांनीही हेच केले. त्यांना ते कोणी शिकविले, कोणास ठाऊक!

खरे पाहता यश मिळे ते फुंकरीने नव्हे. डबी काढून पुन्हा बसविताना पिनांचा स्पर्श नव्या जागी जुळे, एवढेच. श्रेय मात्र फुंकरीने घेतले. तोंडच्या वाफेतला ओलावा धातूच्या पट्ट्यांवर बसे, आणि कालांतराने त्या काळवंडत व गंजत. शेवटी कंपनीलाच, ‘फुंकर मारू नका’, असे सांगावे लागले. योग्य रीत अशी, की काडीला कापूस गुंडाळावा, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवून पट्ट्या हलक्या हाताने पुसाव्या आणि त्या पूर्ण वाळल्यावरच डबी बसवावी. हा द्रव चटकन पेट घेतो; म्हणून हे काम वडीलधाऱ्यांच्या देखत करावे. फुंकरीची मजा त्यात नाही, हे मात्र कबूल केले पाहिजे.

मायेचा दुसरा प्रकार आच्छादनाचा. रेडिओ असो वा दूरचित्रवाणी, त्यावर क्रोशाचा रुमाल घातल्यावाचून आपल्याकडील कित्येक घरांना चैन पडत नसे. बंद यंत्रावर तो शोभतो. परंतु हल्लीच्या मोठ्या खेळयंत्रांत पंखा असतो; तो बाहेरची हवा आत ओढून तापलेली हवा बाहेर टाकतो. चालू यंत्र झाकणे म्हणजे वैशाखात एखाद्याला घोंगडी पांघरविणे होय! काचेच्या बंद कपाटातही त्याचा तसाच कोंडमारा होतो. त्याच्या झरोक्यांवरची धूळ, यंत्र बंद करून, मऊ ब्रशाने झाडावी. अमेरिकेतून कोणी आप्ताने जुने यंत्र आणले, तर ते तिकडच्या १२० व्होल्टचे असते. आपल्या २३० व्होल्टच्या विजेला ते तसेच जोडले, तर जळून जाईल.

आता सर्वांत नाजूक भाग. १९८७ मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘द लेजेंड ऑफ झेल्डा’ ह्या खेळाच्या डबीत बटणासारखा एक चपटा सेल होता. यंत्र बंद असले तरी तो डबीच्या स्मृतीला थोडीशी वीज पुरवी. त्यामुळे अर्धा राहिलेला डाव दुसऱ्या दिवशी पुढे खेळता येई. यंत्र बंद करताना रीसेटचे बटण दाबून धरावे लागे. नाहीतर डाव पुसला जाण्याचे भय असे. पण सेल काही अमर नसतो. पुष्कळ वर्षांनी तो संपतो, आणि त्याबरोबर डावही जातो.

एखाद्या जुन्या डबीत थोरल्या भावाने लहानपणी राखलेला डाव असतो. भाऊ आता दूरदेशी नोकरीला. डबीत त्याचे नाव तेवढे उरलेले. फॅमिली कॉम्प्युटर दुरुस्त करण्याचे काम कंपनीने २००७ मध्येच थांबविले. म्हणून धाकट्या बहिणीला ती डबी गल्लीतल्या एखाद्या कुशल कारागिराकडे न्यावी लागते. सेल डाख देऊन बसविलेला असतो. तो नुसता उपटला, तर त्याच क्षणी ते नाव नाहीसे होईल. म्हणून कारागीर आधी दुसरीकडून तितक्याच, म्हणजे ३ व्होल्टच्या विजेच्या तारा जोडतो, मग डाख वितळवून जुना सेल उचलतो, आणि नव्याची धन बाजू कोणती ते दोनदा पाहून तो बसवितो. बहीण शेजारी उभी राहून हे सारे पाहत असते. अखेर डबी यंत्रात जाते, आणि पडदा उजळेपर्यंत कोणीच काही बोलत नाही.