मेलेल्यांसाठी पाणी, जिवंतांसाठी वेगळा कप



एका स्वयंसेवी संस्थेच्या कामासाठी मी दोन वर्षं मेक्सिको सिटीत राहून आले. आल्यापासून वस्तीतली, चळवळीतली पोरं एकच प्रश्न विचारतात, "ताई, तिकडं जात नाही ना?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांत आशा दिसते. पृथ्वीच्या पाठीवर अशी एखादी जागा असावी, जिथं आपण नुसतं माणूस म्हणून उतरू, असं आपल्या प्रत्येकाला वाटतं. मलाही वाटत होतं. म्हणून या प्रश्नाचं उत्तर "हो" किंवा "नाही" एवढ्यात न देता, जे पाहिलं ते सांगते. निष्कर्ष तुम्हीच काढा.

सुरुवातीचे महिने मी अक्षरशः हरखून गेले होते. पहिल्याच दिवशी ऑफिसातल्या प्रत्येकीनं जवळ येऊन गालाला गाल लावला. तिथली ती रोजची पद्धत. भेटताना एकदा, निघताना एकदा. ज्या समाजाच्या सावलीचासुद्धा विटाळ मानला गेला, त्या समाजातल्या मुलीला अनोळखी माणसं गालाला गाल लावून भेटतात, याचा अर्थ त्यांना कळणं शक्य नव्हतं. मला कळला. त्या रात्री झोप लागली नाही.

दुसरी गोष्ट जेवणाची. तिथं खानावळीत तुम्ही जेवत असाल आणि कुणी अनोळखी माणूस टेबलाजवळून गेला, तर तो "प्रोवेचो" म्हणतो. म्हणजे जेवण अंगी लागो. कामगार म्हणतो, साहेब म्हणतो, शाळकरी पोरगंही म्हणतं. रस्त्याकडेच्या ताकोच्या गाडीवर सूटवाला आणि गवंडी एकाच वाडग्यातली चटणी एकाच चमच्यानं घेतात. आपल्याकडे कोण कुणाच्या हातचं खातो यावर शेकडो वर्षं माणसाची किंमत ठरली, त्यामुळे हे दृश्य मी रोज नव्यानं पाहायची.

तिसरी गोष्ट आडनावाची. तिथं प्रत्येकाला दोन आडनावं असतात, आधी वडिलांचं, मग आईचं. आईचं नाव पुसलं जात नाही. आणि आडनाव ऐकून समोरच्याचा चेहरा बदलताना मी ऑफिसात कधी पाहिला नाही. तो मी पाहिला तिथल्या भारतीयांच्या दिवाळीच्या कार्यक्रमात. एका मराठी गृहस्थांनी अगत्यानं विचारपूस केली, आडनाव विचारलं, थोडे थांबले आणि म्हणाले, "म्हणजे मूळचे नेमके कुठले तुम्ही?" हा "नेमके" आपल्याला चांगला ओळखीचा आहे. पंधरा हजार किलोमीटर ओलांडून तो माझ्याआधी तिथं पोचला होता.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

१ आणि २ नोव्हेंबरला मेक्सिकोत मृतांचा सण असतो. घरोघरी एक मांडणी करतात, तिला ओफ्रेंदा म्हणतात. पायऱ्या पायऱ्यांवर गेलेल्या माणसांचे फोटो, मेणबत्त्या, मीठ, गोड पाव, त्यांच्या आवडीचे पदार्थ आणि सगळीकडे झेंडू. झेंडू मूळचा त्यांच्याच मातीतला. आपण दसऱ्याला दाराला जे तोरण बांधतो, ते फूल तिथून आपल्याकडे आलं. आपली मिरचीही तिथलीच. फुलांना कुणी आडनाव विचारत नाही, म्हणून ती आपली होऊन जातात. शिवाय ओफ्रेंदावर पाण्याचा एक ग्लास ठेवतात. मेलेली माणसं लांबून चालत येतात, त्यांना तहान लागलेली असते, अशी समजूत आहे.

मी एका विधवा बाईंच्या घरात खोली घेऊन राहत होते. माणूस म्हणून चांगल्या. मी तापानं फणफणले होते तेव्हा रात्रभर उशाशी बसल्या होत्या. ऑक्टोबरच्या शेवटी मला म्हणाल्या, "तुझ्या गेलेल्यांपैकी कुणाचा फोटो आहे का? आमच्या माणसांशेजारी ठेवू. परक्या देशात तुझं माणूस एकटं कशाला?"

माझ्याकडे आजीचा फोटो होता. माझी आजी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला होती. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. अंगावर होतं ते एकच पांढरं लुगडं धुऊन, नेसून गेली होती. फोटो काढायला मी बॅग उघडली आणि थबकले. श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही, ही बावीस प्रतिज्ञांमधली एक प्रतिज्ञा आहे. आजीनं ती बाबासाहेबांच्या समोर उभं राहून घेतली आणि आयुष्यभर पाळली. तिच्याच फोटोपुढे मी हे मांडायचं?

मी वडिलांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तीनच प्रश्न विचारले. "भटजी असतो का? दक्षिणा द्यावी लागते का? नाही केलं तर पितर कोपतात म्हणून भीती घालतात का?" मी सांगितलं, घरातली बायकापोरंच सगळं मांडतात, मध्ये कुणी नसतं. ते म्हणाले, "मग फोटो ठेव. आपणही फोटोला हार घालतो, मेणबत्ती लावतो. आठवण काढणं म्हणजे श्राद्ध नव्हे. पण आजी रात्री येऊन खाऊन जाते असं मनात धरू नको. नैवेद्य ठेवू नको."

काहींना हे पटणार नाही. मलाही पूर्ण पटलं होतं असं नाही, कारण त्या मांडणीत मेरीमातेची तसबीर होती आणि आत्मा परत येतो ही श्रद्धा तर होतीच. पण मला फरक दिसला तो असा. श्राद्धाच्या मुळाशी मधला माणूस आहे. त्याच्या हातून गेलं नाही तर मेलेल्यालाही गती नाही, म्हणजे जन्मभर लुबाडून मेल्यावरही सोडत नाहीत. इथं तो मधला माणूस नव्हता. मी फोटो ठेवला. हात जोडले नाहीत, बाईंनीही आग्रह केला नाही. नैवेद्य ठेवला नाही. ठेचा कुटला, पण जिवंत माणसांनी खायला.

फक्त पाण्याचा ग्लास मात्र मी माझ्या हातानं भरून ठेवला. आजी लहानपणी गावच्या विहिरीपासून लांब घागर घेऊन उभी राहायची. कुणाला दया आली तर वरून ओतायचे, नाहीतर दुपारपर्यंत ऊन खात थांबायचं. तिचा आत्मा पाणी प्यायला येतो यावर माझा विश्वास नाही. पण जगाच्या दुसऱ्या टोकाला एका घरात तिच्यासाठी कुणीतरी भरलेला ग्लास ठेवायला सांगतं, याला मी नकार देऊ शकले नाही. यात माझी चूक वाटत असेल तर जरूर सांगा.

आणि नेमकं त्याच रात्री माझे डोळे उघडले.

त्या घरात एक ताई कामाला होती. ओआहाका राज्यातल्या मिश्तेक समाजाची, तिथल्या मूळनिवासींपैकी. पन्नाशीला आलेली. तिला सगळे "मुचाचा" म्हणत, म्हणजे पोरगी. बाई तिला अगं-तुगं करत, ती बाईंना अहो-जाहो. हाक मारली की ती "मांदे" म्हणायची. "मांदे" म्हणजे "आज्ञा करा". मेक्सिकोत चांगल्या घरातल्या मुलांनाही हे सौजन्य म्हणून शिकवतात, पण पुष्कळ जण त्यात स्पॅनिश गुलामगिरीचा अवशेष पाहतात. मला ते ऐकताना आपला "जोहार मायबाप" आठवायचा.

झेंडूची पोती बाजारातून तिनं आणली होती. पायऱ्यांवर कापड तिनं अंथरलं होतं, फुलं तिनं ओवली होती. पाहुणे जेवायला बसले. माझ्या ठेच्याचं कौतुक झालं. ती स्वयंपाकघरात उभ्यानं जेवत होती. तिची ताटली वेगळी, कप वेगळा, ओट्याखालच्या कोपऱ्यात ठेवलेला. मित्रांनो, मी त्या घरात सात महिने राहत होते. तो कप मी रोज पाहत होते. माझ्या आईनं ज्या कपातून परक्याच्या ओसरीवर चहा प्यायला, तो कप मला सात महिने ओळखू आला नाही, कारण या वेळी मी टेबलावर बसले होते.

रात्री मी गच्चीवर गेले. तिथल्या जुन्या घरांत कामवालीची खोली गच्चीवरच असते, पाण्याच्या टाकीशेजारी. तिनं खोक्यावर मेणबत्ती लावली होती आणि मोबाईलच्या पडद्यावर तिच्या आईचा फोटो उघडून ठेवला होता. पडदा विझला की बोटानं पुन्हा उजळायची. पाहुणे येणार म्हणून तिला गावी जायला सुट्टी मिळाली नव्हती. माझ्या आजीला त्या मांडणीवर जागा होती. तिच्या आईला नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी बाईंकडे विषय काढला. त्या खऱ्याखुऱ्या चकित झाल्या. म्हणाल्या, "अगं, तिलाच आमच्यासोबत बसायचा संकोच वाटतो. आणि आमच्याकडे वंशभेद नाही. आम्ही सगळेच मिश्र रक्ताचे. असेल तर गरीब-श्रीमंत एवढाच भेद." हे वाक्य मी आयुष्यभर मराठीत ऐकलं आहे. "त्यांनाच संकोच वाटतो." "आता कुठं राहिली जात?" शब्द स्पॅनिश होते, चाल तीच होती.

इतिहास असा आहे. स्पॅनिश राजवटीत रक्ताच्या मिश्रणावरून माणसांच्या पायऱ्या पाडल्या होत्या. इंग्रजीतला "कास्ट" हा शब्दच मुळी स्पॅनिश-पोर्तुगीज "कास्ता"वरून आला. १८१३ साली स्वातंत्र्यलढ्याचा नेता मोरेलोस यानं गुलामगिरी आणि जातींचे भेद मोडीत काढण्याची घोषणा केली. १८२९ मध्ये आफ्रिकी वंशाच्या राष्ट्राध्यक्ष गेरेरोनं गुलामगिरी रद्द केली. पुढे क्रांतीनंतर "आपण सगळे मिश्र, आपण सगळे एक" हा राष्ट्रीय सिद्धांत झाला. ऐकायला छान. पण सगळे एक आहेत म्हटलं की भेद मोजायचंच कारण उरत नाही. आणि जे मोजलं जात नाही, ते नाही असं ठरवणं सोपं जातं. अखेर त्यांच्या सरकारी सांख्यिकी संस्थेनं २०१६ च्या पाहणीत लोकांना आपल्या त्वचेचा रंग एका रंगपट्टीवरून ओळखायला सांगितला. निकाल २०१७ मध्ये आले. रंग जितका गडद तितकं शिक्षण कमी, कामही खालचं, असं चित्र निघालं. आफ्रिकी वंशाच्या नागरिकांना जनगणनेत पहिल्यांदा २०२० साली मोजलं, ते पंचवीस लाखांहून जास्त भरले. दोनशे वर्षं ते "नव्हते". जातनिहाय जनगणनेवर "यानं जातीयवाद वाढेल" म्हणणाऱ्यांना हे उदाहरण जरूर ऐकवा.

बेनितो हुआरेस हे नाव आपल्या कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावं. जन्म २१ मार्च १८०६, ओआहाकातल्या सापोतेक समाजात. लहानपणीच अनाथ. बारा वर्षांचा होईपर्यंत स्पॅनिश जेमतेम येत होतं. शहरात आला तेव्हा बहीण एका घरी स्वयंपाकीण होती, त्याच घरात आसरा मिळाला. पुढे वकील झाला, देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला, चर्चच्या सत्तेला कायद्यानं वेसण घातली. आज तो ५०० पेसोंच्या नोटेवर आहे, गावोगावी त्याचे पुतळे आहेत. आणि त्याच्या बहिणीचं काम आजही त्याच्याच राज्यातल्या बाया करतात. घरकाम करणाऱ्यांची संख्या वीस लाखांवर आहे, बहुसंख्य स्त्रिया. त्यांना सक्तीच्या सामाजिक सुरक्षेतून वगळणं घटनाबाह्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं ते २०१८ साली. पुतळा आधी येतो, पेन्शन दीड शतकानं. हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

तर मग तिकडे जात आहे का? माझ्या मते, जन्मानं ठरलेल्या धंद्याची, धर्मग्रंथानं पवित्र केलेली, लग्नाच्या कुलपात बंद केलेली आपल्यासारखी जात तिथं नाही. मिश्तेक मुलगी शिकली, शहरात स्थिरावली, तर तिची नातवंडं त्या शिक्क्यातून सुटू शकतात. आपली नातवंडं अमेरिकेत गेली तरी सुटत नाहीत. पण रंग, भाषा आणि कुळ यांवरून माणसाला खालची पायरी दाखवायची सवय तिथंही आहे, आणि ती सवय गोड बोलते. बाजारात भाजीवाल्या गिऱ्हाईकाला खूश करायला "ग्वेरिता" म्हणजे "गोरे" अशी हाक मारतात. मला, माझ्या या रंगाला, तशी हाक आली आणि मी क्षणभर सुखावले. हेही कबूल करते.

निघण्याच्या आदल्या आठवड्यात ती ताई माझ्या खोलीत जेवायला बसली. मी टेबलावर दोन सारखे कप ठेवले होते. बऱ्याच आग्रहानं बसली. मी तिला सांगितलं की आमच्या लोकांना पूर्वी वाकून "जोहार" म्हणावं लागे, आणि आम्ही तो शब्द टाकून "जय भीम" म्हणायला लागलो, मान वर करून. ती बराच वेळ गप्प राहिली. मग हसून म्हणाली, "मग मी मांदेच्या जागी काय म्हणू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो शब्द तिचे लोक शोधतील. बाईंच्या घरातला वेगळा कप मी निघाले तेव्हाही ओट्याखालीच होता, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

परत आल्यावर मी नातेवाइकांकडे गेले. आपल्याच माणसांचा फ्लॅट, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. सकाळी भांडी घासायला मावशी आल्या. त्यांना चहा दिला गेला, स्टीलच्या पेल्यात. बाकी सगळ्यांना चिनीमातीच्या कपात. कुणाच्याही मनात काही वाईट नव्हतं. मेक्सिकोतल्या बाईंच्या मनातही नव्हतं.

घरकामगारांना इतर कामगारांसारखा दर्जा देणारा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार मेक्सिकोनं २०२० मध्ये मान्य केला, भारतानं अजून केलेला नाही. ती मागणी आपण लावून धरलीच पाहिजे. पण मोर्चाला निघण्याआधी प्रत्येकानं आपल्या ओट्याखाली एकदा वाकून बघावं, तिथं कुणाचा कप ठेवलाय ते.

जय भीम! नमो बुद्धाय!